दोन पंखांमधल्या तारा

एकावर एक दोन पंख ठेवण्याची युक्ती विमानाने पक्ष्याकडून घेतलेली नाही, पुलाकडून घेतली आहे. ऑक्टेव्ह शनूट हे अमेरिकेतले रेल्वे-अभियंते. कॅन्सस सिटीजवळ मिसुरी नदीवर १८६९ मध्ये खुला झालेला हॅनिबल पूल त्यांनी बांधला. उतारवयात ते उड्डाणाच्या नादी पुरते लागले. १८९६ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी सहकाऱ्यांसह काही ग्लायडर उडवून पाहिले. त्यांतल्या सर्वांत यशस्वी ग्लायडरच्या दोन पंखांमध्ये उभे खांब होते आणि प्रत्येक चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या तारा ताणलेल्या होत्या. पुलांच्या बांधणीत ही रचना ‘प्रॅट कैची’ म्हणून ओळखली जाते. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानासाठी तीच कैची उचलली. त्या काळचे पातळ पंख स्वतःच्या बळावर वाकण्याचा ताण सोसू शकत नव्हते. कैचीत बांधल्यावर मात्र लाकडाच्या काड्या, कापड आणि तार एवढ्या सामग्रीतून हलकी आणि ताठ पेटी उभी राहत असे.

या पेटीत प्रत्येक तारेला नेमून दिलेले काम असते. धडाजवळ खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे जाणाऱ्या तारा उड्डाणात पंखांना वर उचकटण्यापासून रोखतात. उलट तिरप्या जाणाऱ्या तारा विमान जमिनीवर असताना पंखांचा भार पेलतात. पहिल्या प्रकारच्या तारांवर बोजा जास्त पडतो म्हणून त्या बहुधा जोडीने असत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात या तारांची देखभाल करणारा ‘रिगर’ हा वेगळा कारागीर होता. तारेच्या टोकाला असलेली टर्नबकल नावाची फिरकी पिळून तो ताण कमी-जास्त करी आणि पंखांचा कोन जागेवर आणी. इंजिनाचे काम फिटरकडे, सांगाड्याचे काम रिगरकडे.

दुपंखी विमानाची छोटी प्रतिकृती जुळवणाऱ्याला शेवटी या रिगरचेच काम करावे लागते. किट बनवणाऱ्या कारखान्यांना धड, पंख, चाके, बंदुका, वैमानिक हे सारे साच्यातून ओतता आले. दोन पंखांमधली तार मात्र ओतता आली नाही. ती नेहमी विकत घेणाऱ्यावर सोडून देण्यात आली आणि या छंदाच्या धंद्यातले बरेचसे चढउतार त्या एका गोष्टीने ठरवले.

सारख्या प्रमाणातल्या विमानांचे संच विकण्याची पद्धत १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये रुजली. जेम्स हे स्टीव्हन्स यांनी आखलेली ‘स्कायबर्ड्‌स’ ही मालिका १९३२ मध्ये बाजारात आली. तिचे भाग मुख्यतः लाकडाचे असत, बारीकसारीक भाग धातूचे. तिने १:७२ हे प्रमाण रूढ केले. हा आकडा आज विचित्र वाटतो, पण फूट-इंचांच्या देशात तो सरळ होता: सहा फुटांना एक इंच. सहा फूट उंचीचा माणूस प्रतिकृतीत बरोबर एक इंचाचा होतो. १:४८ हे प्रमाणही याच हिशेबातले, एका फुटाला पाव इंच. मेट्रिक मापे वापरणाऱ्या देशांतल्या छांदिष्टांनीही पुढे हे आकडे मुकाट स्वीकारले आणि आजही तेच चालू आहेत.

स्कायबर्ड्‌सच्या काळात विमाने बहुतेक दुपंखीच होती. तेव्हा दुपंखी प्रतिकृती करणे म्हणजे जुन्या काळाची आठवण जपणे नव्हते, आकाशात दिसणारे विमान टेबलावर आणणे होते. लाकडी ठोकळ्यातून धड कोरायचे, पंखांच्या फळ्या पॉलिश पेपरने घासून निमुळत्या करायच्या, तार किंवा दोरा ओवायचा. सुताराच्या मुलाला हे जमले असते. शहरातल्या शाळकरी मुलाला ते अवघडच जात असणार.

ही अडचण सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न ‘फ्रॉग’ने केला. इंटरनॅशनल मॉडेल एअरक्राफ्ट ही कंपनी रबराच्या पिळावर उडणारी तयार विमाने विकत असे. तिचे ‘फ्रॉग’ हे नाव म्हणजे ‘जमिनीवरून थेट उडणारे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. १९३६ मध्ये तिने न उडणाऱ्या विमानांचे प्लास्टिकचे संच काढले आणि न उडणाऱ्या पक्ष्याचेच नाव त्यांना दिले: ‘पेंग्विन’. प्रमाण १:७२. प्लास्टिकच्या विमान-किटचा इतिहास इथून मोजतात. पहिल्या संचांत ग्लॉस्टर ग्लॅडिएटर हे ब्रिटिश हवाईदलाचे लढाऊ विमान होते, आणि ते दुपंखी होते.

पेंग्विनचे प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट होते. हे रसायन विमानांच्या ओळखीचे होते. पहिल्या महायुद्धात पंखांवर चढवलेले सुती किंवा लिननचे कापड ताणून घट्ट बसावे म्हणून त्यावर ‘डोप’ नावाचे लुकण फासत आणि ब्रिटिश विमानांसाठी ते सेल्युलोज ॲसिटेटपासून बनवत. ज्वलनशील सेल्युलोज नायट्रेटपेक्षा ते सुरक्षित होते. बासेलचे कामी आणि आंरी ड्रायफुस हे बंधू याच पदार्थाचे उत्पादन करण्यासाठी १९१६ मध्ये इंग्लंडमध्ये डर्बीजवळ स्पाँडनला आले. डोप सुकताना आकसतो, आणि त्या आकसण्यातच त्याचा उपयोग होता. खेळण्यात मात्र हाच गुण दोष ठरला. साच्यातून निघालेले ॲसिटेटचे पंख वर्षांनुवर्षे हळूहळू आकसत, पिळवटत गेले. आज जतन राहिलेल्या पेंग्विन संचांतले पंख अनेकदा वेडेवाकडे दिसतात ते यामुळे. एकाच रसायनाने खऱ्या विमानाचा पंख ताठ केला आणि त्याच्या प्रतिकृतीचा वाकवला.

याच काळात भारताचाही दुपंखी विमानांशी संबंध आला. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाईदलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वेस्टलँड वापिती विमानांवर, आणि वापिती दुपंखी होते. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकणारे जिप्सी मॉथ उडवत. भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले. त्याही मागे, १९१७-१८ मध्ये पश्चिम आघाडीवर ब्रिटिश विमानदलात मूठभर भारतीय तरुण लढले. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय एस. ई. ५ए विमानावर होते, हरदितसिंग मलिक सॉपविथ कॅमलवर, आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर सॉपविथ डॉल्फिनवर. रॉय आणि वेलिणकर दोघेही युद्धात गेले. या तीन विमानांपैकी कॅमल आणि एस. ई. ५ए ही पुढे किट बनवणाऱ्यांची कायमची आवडती झाली. डॉल्फिन मागे पडले. त्याची बांधणीही चमत्कारिक होती: वरचा पंख खालच्यापेक्षा मागे सरकलेला, आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या उघड्या चौकटीतून बाहेर आलेले. असे विमान जुळवताना नेहमीची पद्धत चालत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने प्रतिकृतींना अचानक सरकारी काम दिले. विमान आपले की शत्रूचे हे छायाकृतीवरून ओळखता यावे म्हणून सैनिकांना नमुने हवे होते. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने शाळांमधल्या मुलांकडून १:७२ प्रमाणातली पाच लाख लाकडी विमाने मागवली. ती काळी रंगवायची होती आणि त्यांत तारा नकोत, कारण दूरवरून तार दिसत नाही. या मोहिमेने १:७२ हे प्रमाण अमेरिकन मुलांच्या हातांत घट्ट बसवले. दुपंखी विमान मात्र तोवर आघाडीवरून जवळजवळ हद्दपार झाले होते. ग्लॅडिएटर आणि स्वोर्डफिश ही शेवटची नावे. युद्ध संपले तेव्हा दुपंखी हा शब्द भूतकाळाचा झाला होता.

युद्धानंतर पॉलिस्टायरिन स्वस्त झाले. इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्रात वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात दाबून भरले जाते, थंड झाल्यावर एका फांदीला लटकलेले सगळे भाग एकदम बाहेर पडतात. पॉलिस्टायरिन ॲसिटेटसारखे पिळवटत नाही आणि विशिष्ट द्रावकाने त्याचे दोन तुकडे विरघळून एकजीव होतात. हंगेरीतून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये इंग्लंडात ‘एअरफिक्स’ सुरू केली होती. ती आधी हवा भरायची रबरी खेळणी करी, नंतर कंगवे. १९५२ मध्ये वुलवर्थच्या दुकानांसाठी तिने ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन शिलिंगला विकला. त्या पिशवीने छंद श्रीमंत मुलांच्या खोलीतून चौकातल्या दुकानात आणला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात एअरफिक्सच्या पिशव्यांतून १:७२ चे ग्लॅडिएटर, सॉपविथ कॅमल आणि टायगर मॉथ बाहेर पडू लागले. अमेरिकेत ‘ऑरोरा’ने १:४८ प्रमाणात पहिल्या महायुद्धातील विमानांची मालिकाच काढली आणि ‘रेव्हेल’ने १:२८ या मोठ्या प्रमाणात कॅमल, स्पाड आणि फोकरचे त्रिपंखी विमान आणले.

ही किटे आज पाहिली की त्यांत भाबडेपणा दिसतो. ऑरोराच्या पंखांवर राष्ट्रचिन्हांच्या कडा प्लास्टिकमध्येच उठावाने ओतलेल्या असत, म्हणजे चित्रात रंग भरावा तसा त्यात रंग भरायचा. कापडाचा भास व्हावा म्हणून पंखांवर खरखरीत पोत दिलेला असे आणि बरगड्या उपाशी माणसाच्या फासळ्यांसारख्या वर आलेल्या. प्रत्यक्षात डोप लावलेले कापड ढोलाच्या चामड्यासारखे ताणलेले आणि गुळगुळीत असते. त्याचा पोत १:७२ प्रमाणात डोळ्याला दिसूच शकत नाही. साचा कोरणाऱ्याला कापड दाखवायचे होते, म्हणून त्याने पोते दाखवले. पुढच्या पिढीने हा दोष दूर केला खरा, पण त्याला जवळजवळ तीस वर्षे लागली.

पंखांमधल्या खांबांची अडचणही साच्याचीच. खांबांना छांदिष्ट स्ट्रटच म्हणतात. १:७२ प्रमाणात खरा स्ट्रट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा व्हायला हवा. इतक्या बारीक खाचेत प्लास्टिक नीट भरत नाही आणि भरले तरी फांदीवरून कापताना मोडते. म्हणून ते जाड ओतले गेले. त्यात वरचा पंख एका वेळी आठ-दहा स्ट्रटांच्या टोकांवर बसवायचा. गोंद ओला असताना एक टोक खाचेत बसले की दुसरे निसटते. मुलांनी अर्ध्यावर सोडलेल्या किटांत दुपंखींचा वाटा मोठा असणार, यात नवल नाही. म्हणूनच फोकर डी. ७ हे विमान नवशिक्यांना आवडते झाले. त्याचे पंख जाड आणि आतून बळकट होते, दोन पंखांमध्ये ताणतारा नव्हत्याच. इतिहासात ते जर्मनांचे भीतिदायक लढाऊ विमान, छंदात मात्र ‘तारा नसलेले सोपे विमान’ म्हणून ओळखले गेले.

तारांचे काय करायचे याचे उत्तर किट बनवणाऱ्यांनी बहुधा सूचनापत्रातल्या एका आकृतीवर ढकलले. ‘दोऱ्याने तारा लावा’ असे त्यावर लिहिलेले असे. शिवणाचा दोरा मात्र जाड आणि केसाळ. हिशेब करून पाहिला तर अडचण कळते. खरी तार चार मिलिमीटर जाडीची धरली तर १:७२ प्रमाणात ती सुमारे ०.०५६ मिलिमीटर होते. माणसाचा केस साधारण तेवढाच किंवा त्याहून जाड असतो. त्यात ब्रिटिश विमानांतल्या अनेक तारा गोल नव्हत्याच. हवेचा रोध कमी व्हावा म्हणून त्यांचा छेद भिंगासारखा चपटा केलेला असे. चपटी तार हुबेहूब दाखवायची तर दोरा निरुपयोगीच.

छांदिष्टांनी आपापले मार्ग काढले आणि ते हातोहात पसरले. सर्वांत जुना आणि फुकटचा मार्ग म्हणजे ताणलेली फांदी. किटच्या भागांना धरून ठेवणारी प्लास्टिकची उरलेली काडी मेणबत्तीवर धरायची, ती मऊ झाली की दोन्ही हातांनी हळूच ओढायची. केसासारखी बारीक तार निघते. तिचा तुकडा मोजून, चिमट्याने धरून, टोकांना गोंदाचा ठिपका लावून बसवायचा. ढिला राहिला तर पेटवून विझवलेल्या उदबत्तीचे निखारलेले टोक जवळ न्यायचे. उष्णतेने प्लास्टिक आकसते आणि तार ताठ होते. मात्र निखारा अर्धा सेकंद जास्त थांबला की तार तुटते. हिला तारेवरची कसरत म्हणावे, तर इथे तारच कसरत करते.

दुसरा मार्ग तंगुसाचा, म्हणजे मासे पकडायच्या गळाच्या नायलॉन दोऱ्याचा. पंखात ०.३ किंवा ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलने आरपार भोके पाडायची, तंगूस त्यांतून ओवायचा, एका टोकाला सायनोॲक्रिलेट गोंद लावायचा, दुसऱ्या टोकाला कपड्याचा चिमटा किंवा वजन लटकवून ताण द्यायचा आणि मग तेही टोक चिकटवायचे. बाहेर आलेले तुकडे कापून भोके पुट्टीने बुजवून वर पुन्हा रंग द्यायचा. ही पद्धत खऱ्या विमानासारखीच काम करते: तंगूस ताणला की पंख आणि स्ट्रट एकमेकांत आवळले जाऊन सारी पेटी घट्ट होते. नाजूक प्रतिकृतीला त्यामुळे खरोखरच बळ येते. शनूट यांची कैची टेबलावरच्या वीतभर विमानातही आपले काम करते.

तिसरा मार्ग अलीकडचा, लवचीक धाग्याचा. त्याची दोन्ही टोके फक्त चिकटवायची. हात चुकून लागला तरी धागा ताणतो आणि पुन्हा सरळ होतो. प्रदर्शनात नेताना तुटणाऱ्या तारांच्या त्रासातून त्याने अनेकांना सोडवले. पण तो बळ देत नाही, नुसता दिसतो. जुने कारागीर त्याकडे थोड्या तुच्छतेने पाहतात.

तारांप्रमाणे दुपंखी विमानाच्या जुळवणीचा क्रमही वेगळा असतो. एकपंखी विमान आधी पूर्ण जुळवतात, मग रंगवतात. दुपंखी विमानात तसे केले तर दोन पंखांच्या मध्ये, स्ट्रटांच्या पाठीमागे कुंचला पोहोचतच नाही. म्हणून धड आणि खालचा पंख एकत्र जोडायचे, वरचा पंख वेगळा ठेवायचा आणि दोन्ही भाग स्वतंत्रपणे रंगवायचे. भोके आधीच पाडून ठेवायची, चिन्हे आधीच चिकटवायची. सगळे संपल्यावर शेवटी वरचा पंख चढवायचा. पंखांचा तिरपेपणा आणि पुढे-मागे असलेले अंतर अचूक बसावे म्हणून पुठ्ठ्याची किंवा लेगोच्या विटांची चौकट करून त्यात प्रतिकृती टेकवून ठेवतात. टायगर मॉथमध्ये हे फार महत्त्वाचे. त्याचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ चे. पुढच्या बैठकीतल्या माणसाला पॅराशूट घेऊन सहज बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला गेला. गुरुत्वमध्य सांभाळण्यासाठी पंखांची टोके मागे वळवावी लागली. तो वळसा एक-दोन अंशांनी चुकला तरी जाणत्याला विमान ओळखीचे वाटत नाही.

रंगाने मात्र छांदिष्टांना जेवढे भांडायला लावले तेवढे तारांनीही नाही. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूस ‘पी. सी. १०’ नावाचे रंगीत डोप लावत. त्यात पिवळी गेरू आणि काजळी असे. मूळ तुकडे थोडे उरले आहेत आणि शंभर वर्षांत त्यांचा रंग बदलला आहे. तो हिरवट होता की तपकिरी, यावर नियतकालिकांतून दशकानुदशके वाद चालू आहेत. काजळीचे प्रमाण, डोपचे थर, ऊन आणि इंजिनाचे एरंडेल तेल या सगळ्यांमुळे एकाच तुकडीतली दोन विमानेही सारखी दिसत नसणार, हे बहुतेकांना मान्य आहे. तरीही वाद मिटत नाही. कदाचित त्याची मजा न मिटण्यातच असावी. खालची बाजू बहुधा रंगवलेली नसे. बिनरंगी डोप लावलेले फिकट पिवळसर लिनन तसेच उघडे असे आणि उजेडात त्यातून बरगड्यांची सावली दिसे. ती सावली दाखवायला लिननच्या रंगावर अगदी पातळ तपकिरी पट्टे फवारतात.

जर्मन बाजूची गोष्ट त्याहून कठीण. १९१७ पासून तिथे पंखांसाठी छापील कापड वापरू लागले. त्यावर चार किंवा पाच रंगांचे बहुकोनी तुकडे गोधडीसारखे छापलेले असत. छापील कापडामुळे रंगाचे वजन आणि वेळ वाचे. हा नमुना १:७२ प्रमाणात हाताने रंगवणे म्हणजे तांदळावर अक्षरे कोरण्यासारखे. पाण्यात भिजवून सरकवायची डेकल चांगली छापता येऊ लागली तेव्हाच फोकर आणि अल्बाट्रॉसच्या प्रतिकृतींना खरे रूप मिळाले. डेकल पंखावर ठेवून मऊ करणारे द्रावण लावले की ती बरगड्यांच्या चढउतारात बसते. बरगड्यांवरच्या पट्ट्या वेगळ्या कापून लावाव्या लागतात, कारण खऱ्या पंखांवरही बरगड्यांवरून त्याच कापडाच्या किंवा साध्या कापडाच्या पट्ट्या चिकटवत.

साठच्या दशकात लोकप्रिय संस्कृतीने पहिल्या महायुद्धातल्या विमानांना नवा रंग दिला. १९६५ मध्ये ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतला कुत्रा स्नूपी आपल्या घराच्या छपरावर बसून कॅमल उडवू लागला आणि १९६६ मध्ये ‘द ब्लू मॅक्स’ हा चित्रपट आला. त्याआधी १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये प्लास्टिक-मॉडेल करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली होती. सत्तरच्या दशकात लेस्नी कंपनीने ‘मॅचबॉक्स’ या नावाने दोन-तीन रंगांच्या प्लास्टिकमध्ये किटे काढली, म्हणजे न रंगवताही विमान बरे दिसे. हॉकर फ्युरी आणि अजस्र हँडली पेज हेफोर्डसारखी दोन युद्धांमधल्या काळातली विमाने तिने आणली. ती दुसऱ्या कोणाच्या यादीत फारशी नव्हती. जपानच्या हासेगावाने कॅमलचा उघडा सांगाडा विकला, धातू, लाकूड आणि प्लास्टिक वापरून. त्यात कापड चढवायचेच नव्हते. दुपंखी विमानाचे खरे सौंदर्य आतल्या बांधणीत आहे, ही भूमिका एखाद्या मोठ्या कंपनीने उघडपणे घेतल्याचे ते दुर्मीळ उदाहरण.

तरीही एकूण धंद्यात दुपंखी विमान मागे पडत गेले. जेट विमानाचे किट जुळवून पूर्ण होण्याची शक्यता जास्त, म्हणून दुकानदारालाही तेच हवे असे. फ्रॉगची मालक असलेली लाइन्स ब्रदर्स कंपनी १९७१ मध्ये कोसळली, १९७६ च्या सुमारास फ्रॉगचे उत्पादन थांबले आणि त्यांचे अनेक साचे सोव्हिएत रशियात गेले. तिथून ते ‘नोव्हो’ या नावाखाली पुन्हा बाजारात आले. त्यांत एमी जॉन्सनच्या जिप्सी मॉथचाही साचा होता. त्याच ‘जेसन’ विमानावर तिने १९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उड्डाण केले होते. दुपंखी विमानांच्या या पडत्या काळात, १९८० च्या दशकात, इंग्लंडातल्या ‘विंडसॉक’ या नियतकालिकासारख्या मोजक्या प्रकाशनांनी आणि घरगुती छोट्या कारखान्यांनी हा छंद जिवंत ठेवला. राळेत ओतलेली इंजिने, पितळेच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेली नियंत्रणे, कापडी पट्ट्या, बंदुकांची जाळीदार नळी असे सुटे भाग ते पुरवू लागले.

चेक प्रजासत्ताकातील ‘एडुअर्ड’ कंपनीने १९८९ पासून ही आम्लकोरीव पद्धत मुख्य प्रवाहात आणली आणि पहिल्या महायुद्धातील विमानांची स्वतःची किटेही काढली. या सर्वांवर कळस चढवला तो न्यूझीलंडमधील ‘विंगनट विंग्ज’ने. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांना पहिल्या महायुद्धातील विमानांचे वेड होते. त्यांच्या कंपनीने २००९ मध्ये चार किटांनी सुरुवात केली, सर्व १:३२ प्रमाणात. या प्रमाणात कॅमलचा २८ फुटी पंख जवळजवळ पावणेसत्तावीस सेंटिमीटर होतो, म्हणजे १:७२ मधल्या बारा सेंटिमीटरच्या दुपटीहून जास्त. सूचनापुस्तिकेत जुनी छायाचित्रे आणि खऱ्या भागांची जवळून घेतलेली चित्रे असत आणि तारांचा मार्ग रंगीत रेषांनी दाखवलेला असे. पातळ पण मजबूत प्लास्टिक, अचूक खाचा आणि स्ट्रटांची अशी आखणी की वरचा पंख आपोआप योग्य कोनात बसे. शनूट यांनी पुलाकडून घेतलेली शिस्त किटाच्या आखणीत इथे पहिल्यांदा पुरती उतरली. या किटांनी दोन-तीन वर्षांत दुपंखी प्रतिकृतीची लाट आणली. २०२० मध्ये कंपनी बंद पडली तेव्हा दुकानांत उरलेल्या पेट्यांची किंमत झपाट्याने वाढली. पुढे तिथल्याच काही माणसांनी २०२२ मध्ये ‘कोतारे’ ही नवी कंपनी काढली, पण तिची सुरुवात झाली ती एकपंखी स्पिटफायरने.

एअरफिक्सही पुन्हा दुपंखी विमानांकडे वळली. १९८६ मध्ये ती हंब्रॉल या रंगाच्या कंपनीकडे गेली होती, २००६ च्या दिवाळखोरीनंतर हॉर्नबीने घेतली. २०१४ च्या सुमारास तिने टायगर मॉथचा नवा साचा काढला. तो १:७२ प्रमाणातच होता, पण पन्नासेक वर्षांपूर्वीच्या साच्याशेजारी ठेवला तर स्ट्रट आणि पंखांची मागची धार किती पातळ होऊ लागली आहे ते नजरेस भरते. टर्नबकलही आता त्रिमितीय छपाईने बनवतात, अर्ध्या मिलिमीटरच्या नळीत, दोन्ही टोकांना कड्या असलेले. त्या कड्यांत दोरा ओवायचा, दुमडायचा, गोंदाने धरायचा आणि उरलेले टोक कापायचे. एका कॅमलच्या पंखांना अशी काही डझन टोके असतात.

शेवटच्या टप्प्यात तारा रंगवतात. पोलादी तारेला काळपट राखाडी, जिथे तार कापडात शिरते तिथे पितळी ठिपका. मग संपूर्ण विमानावर फिकट चकाकीचे वार्निश फवारायचे. डोपची मूळ चमक सॅटिनसारखी होती, आरशासारखी नव्हती. चाकांना चिखल, धडाच्या कडेने एरंडेल तेलाचे डाग. फिरत्या इंजिनातून ते तेल बाहेर उडे आणि वैमानिकाच्या चेहऱ्यावरही बसे. वर ठेवायला काचेची पेटी लागते, कारण तारांवर बसलेली धूळ काढायला गेलेला कुंचला हमखास एखादी तार घेऊन परत येतो.